भिवरा सुतारणीची मोगरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मी मीठगुळाचा व्यापारी, मला वजन विचारा. कुरणवाडीच्या रस्त्यानं माझा आजा बैल हाकत गेला, बाप गेला, मीही गेलो, आणि तिघांनीही ही गोष्ट त्याच गावच्या पारावर ऐकली. ऐकली तशी सांगतो. मापात कमी देणार नाही. वर चिमूटभर जास्त पडलं असेल, तर ते आधीच्या सांगणाऱ्यांनी घातलेलं आहे, आणि वरची चिमूट कुणी परत मागत नाही.

तर कुरणवाडीत कोंडाजी सुतार होता आणि त्याची बायको भिवरा होती. घराच्या पडवीतच कोंडाजीचं काम चालायचं. सगळ्या गावाचे नांगर, वखर, तिफणी त्याच्या हाताखालून जायच्या. तिफण म्हणजे तीन दातांची पेरणीची पाभर. एक जाड आडवं लाकूड असतं, त्याला दिंड म्हणतात. त्याला तीन चौकोनी भोकं पाडायची आणि त्यांत तीन दाते ठोकून बसवायचे. दाता हलला की पेर वाकडी, आणि पेर वाकडी गेली की वर्षभर शेत माणसाला हसतं.

त्या वर्षी श्रावणात कोंडाजीवरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालावं लागलं. डावा हात राहिला, पण तोही थरथरणारा. जीभ तेवढी शाबूत राहिली. ती आधीपासूनच तिखट होती. कुणी विचारलं, "कोंडाजी, कसं आहे?" की तो म्हणायचा, "अर्धा बरा आहे. अर्ध्याचं त्यालाच विचार."

भिवराला मात्र हसायला सवड नव्हती. नवऱ्याला उठवणं, बसवणं, भरवणं, दळण, पाणी, शेरडं, आणि वर सुताराच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तरं देणं. श्रावणापासून तिची पाठ पुरती टेकली नव्हती, असं म्हणतात.

घट बसले त्या सकाळी रायाजी पाटील तिच्या दारात आला. त्याच्या मागं शेजारच्या गावचा दाजिबा मिस्त्री होता. दाजिबाचं काम चोख, पण गर्व कामाहून चार अंगुळं उंच. पाटील माणूस वाईट नव्हता. पण गाव त्याच्या मानेवर बसलेलं होतं.

"कोंडाजी," पाटील म्हणाला, "दसरा झाला की पेरण्या. एकवीस तिफणी लागतात. घट उठायच्या आत झाल्या तर तू आमचा सुतार. नाही झाल्या तर दाजिबाला आणावा लागेल."

"आणि घर?" भिवरानं विचारलं.

पाटील जमिनीकडं बघू लागला. दाजिबा जमिनीकडं बघणारा नव्हता. तो म्हणाला, "वहिनी, सुताराचं घर सुतारकीला बांधलेलं. जो ठोकेल, तो राहील."

ही अशी अडचण होती. दिंडं कोंडाजीनं उन्हाळ्यातच तासून भिंतीला उभी केली होती, बाभळीचे दातेही घडवून ठेवले होते. राहिली होती ती फक्त भोकं आणि ठोकाठोक. एकवीस तिफणी, त्रेसष्ट भोकं, त्रेसष्ट दाते. पण ठोकायला हात कुणाचा? त्या काळी त्या भागातले सुतार भोकं पाडायच्या पटाशीवर वाकसाच्या पाठीनं ठोकत. वाकस म्हणजे लाकूड तासायचं लोखंडी हत्यार, सुताराच्या हत्यारांतलं थोरलं. आणि बाईनं सुताराच्या हत्याराला हात लावायचा नाही, अशी रीत. लावला तर ते हत्यार बाटलं, आणि त्या हत्यारानं केलेली तिफण कुणी शेतात नेणार नाही. पाटलानं नेली तरी पाटलीणबाई नेऊ देणार नाही.

पाहुणे गेल्यावर भिवरा चुलीपुढं बसून राहिली. चुलीत एक चिंचेचा ओंडका होता. दोन हिवाळे झाले, तो पेटतच नव्हता. बाहेरून काळा व्हायचा, धुपायचा, आणि स्वयंपाक झाला की जसाच्या तसा बाहेर यायचा. दोन वर्षांच्या धुरानं तो वाळून असा कठीण झाला होता, की टिचकी मारली तर भांड्यासारखा वाजायचा.

भिवरा त्याला म्हणाली, "तूपण दमत नाहीस का रे?"

मग ती उठली आणि नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. "अवं, हत्याराला हात लावायचा नाही, ठाऊक आहे. पण मुसळाला?"

"मुसळ तुझंच," कोंडाजी म्हणाला. "कांड काय कांडायचं ते."

"आणि चुलीतलं लाकूड?"

कोंडाजीच्या ध्यानात आलं. तो म्हणाला, "ओंडक्यातलं भोक खाली अरुंद ठेव, वर रुंद. दांडा वरनं घाल, खालनं नको. म्हणजे दर ठोक्याला डोकं दांड्यावर आवळत जाईल. पाचर नको, खिळा नको."

एवढंच त्यानं सांगितलं. बाकी सगळं भिवरानं केलं, आणि सुताराच्या एकाही हत्याराला न शिवता केलं. ओंडक्यावर निखारा ठेवून फुंकणीनं फुंकलं. लाकूड जळून कोळसा झाला की तो खापराच्या तुकड्यानं खरवडला. पुन्हा निखारा, पुन्हा फुंकर, पुन्हा खापर. न पेटणारं लाकूड ते. एका तळहाताएवढं भोक आरपार न्यायला तिला दीड दिवस लागला. फुंकून फुंकून गालफडं दुखली, डोळे लाल झाले. मग आपलं घरचं मुसळ तिनं अर्ध्यावर मोडलं आणि विळीवर तासून त्याचा दांडा केला, एका टोकाला जाड, दुसरीकडं बारीक. विळी लोखंडाचीच, पण ती विळी. तिला कोण बाटवणार?

दांडा वरून घातला, खाली ओढला, जमिनीवर दोनदा आपटला. डोकं असं बसलं की पुन्हा कधी निघालं नाही. ती कुरणवाडीतली पहिली मोगरी. मोगरी म्हणजे सुताराचा लाकडी हातोडा. आज ती सगळीकडं दिसते, पण त्या गावानं ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली, असं म्हणतात.

बघायला गाव जमलं. दाजिबाही आला. त्यानं ती मोगरी उलटीसुलटी करून पाहिली आणि मोठ्यानं हसला. "हे काय हत्यार म्हणायचं? मंडळी, मुसळाला टेंगूळ आलंय!"

लोक हसले. दाजिबाला चेव आला. "सात पिढ्यांची सुतारकी आमची. मी सांगतो, हे हत्यार नव्हे. मुसळच ते."

"पुन्हा सांग," पाटील म्हणाला.

"शंभरदा सांगतो. हत्यार नव्हे!"

"झालं तर," पाटील म्हणाला. "हत्यार नव्हे, तर भिवराबाईनं ते धरायला हरकत नाही."

मी बाजारात उभी हयात काढली, मंडळी. भाव तोंडातून एकदा गेला की मागं घेता येत नाही, हे मी भल्याभल्यांना पदरचे पैसे घालून शिकताना पाहिलंय. चार माणसं हसताना तर माणसानं मुळीच भाव सांगू नये.

तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं. कोंडाजी डाव्या हातानं पटाशी धरायचा, भिवरा मोगरीनं ठोकायची. तिचा हात पटाशीच्या लोखंडाला लागत नव्हता, की मुठीलाही नाही. तिला पहिली भीती गावाची नव्हती. नवऱ्याला उरलेला तो एकच हात, तोही हलणारा, आणि त्याच्या बोटांच्या चार अंगुळं वर तिनं मोगरी आपटायची. पहिल्याच दिवशी एक ठोका चुकला आणि कोंडाजीचा अंगठा चेचला.

ती मोगरी टाकून उठली. "माझ्यानं व्हायचं नाही."

"बस खाली," कोंडाजी म्हणाला. "वाकस असता तर अंगठा गेला असता. हे लाकूड आहे, त्याला दया आहे. बस, भिवरे. मला दोन हात नाहीत, तुला दोन दिवस जास्तीचे नाहीत."

ती बसली. अंगठ्याला हळद लावली आणि पुढचा ठोका घातला.

असे सहा दिवस. नवरात्राचा उपवास तिनं सोडला नाही. पहाटे दळण, मग पाणी, मग शेरडं, मग नवऱ्याचं अंग पुसणं, आणि दिवस उगवला की ठक, ठक, ठक, दिवेलागणीपर्यंत. तिची मनगटं सुजून तिच्याच बांगड्या तिला रुतल्या. तिनं त्या काढल्या नाहीत, कारण त्या निघण्यापलीकडं गेल्या होत्या. तो आवाज तीन कोसांवर ऐकू जायचा, असं म्हणतात. रानातल्या सुतारपक्ष्यांनी लाजून झाडं टोचायची सोडली. गावची तान्ही पोरं त्या ठेक्यावर झोपी जायची, आणि बायका आपसांत म्हणायच्या, "आपली पोरं निजतात आणि ती बिचारी जागी."

बायकांनी नुसतं म्हटलं, हेही सांगायला हवं. पाणी भरून द्यायला कुणी आलं नाही. ज्याचं त्याला काम होतं. लोक वाईट नसतात, मंडळी. दुसऱ्याचं दमणं त्यांना लांबून गाण्यासारखं ऐकू येतं.

नवरात्राच्या सहाव्या दिवसापासून ती डोळे मिटून ठोकू लागली, असं म्हणतात.

"भिवरे, डोळे उघड," कोंडाजी म्हणायचा.

"उघडेच आहेत."

"मग सांग, माझ्या कुठल्या बोटाला हळद आहे?"

"सगळ्या," ती म्हणायची, आणि ते खरंच असायचं.

ती झोपेत ठोकायची आणि कोंडाजी त्या ठोक्याखाली बरोबर जागी पटाशी सरकवत न्यायचा. एकही ठोका चुकला नाही. दाते वाकून वाकून आपले आपण भोकात शिरायचे. पडवीत पडलेल्या ढलप्या आपणहून चुलीकडं सरकायच्या, म्हणजे तिला झाडायला नको. हे शेवटचं माझ्या आज्यानं घातलेलं असावं. त्याला बायकांच्या कामाची दया यायची. काम तो करायचा नाही.

आठव्या दिवशी दिवेलागणीला वीस तिफणी उभ्या होत्या. एकविसावी पाटलाची स्वतःची, सगळ्यांत जाड दिंडाची. तिची तिन्ही भोकं पाडून झाली होती. दाते तेवढे बसायचे होते. तेवढ्यात भिवराच्या हातातून मोगरी गळली आणि ती बसल्या जागी भिंतीला कलंडली. कोंडाजीनं तिला उठवलं नाही. म्हणाला, "उद्या बघू."

पण उद्या होती खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या फुलांत ठेवायची आणि दिवसभर त्यांना हलवायचं नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस विसावा. आणि दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे घट उठलेच. कोंडाजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला उठवायचा धीर झाला नाही, एवढंच.

दाजिबा सूर्य उगवायच्या आधी हजर. हातात फुलांची परडी. "कोंडाजी, हत्यारं ठेव खाली. पूजेची वेळ झाली." तोंडावर असं हसू, जसं पावशेराला अच्छेर म्हणून खपवणाऱ्याच्या तोंडावर असतं. त्यानं स्वतःच्या हातानं वाकस मांडला, करवत मांडली, रंधा मांडला, पटाश्या मांडल्या. सगळ्यांवर झेंडू घातला आणि पडवीत मांडी ठोकून बसला. "आता बघतो, कोण काय उचलतं."

पाटील आला. गाव आलं. एकविसावी तिफण दात नसलेल्या तोंडासारखी पडली होती.

भिवरा उठली. तोंडावर पाणी मारलं. हत्यारांना तिनं लांबूनच हात जोडले. मग कोपऱ्यातली मोगरी उचलली.

"अगं ए!" दाजिबा ओरडला. "आज खंडेनवमी! हत्यार चालवतेस?"

भिवरा त्याच्याशी बोललीच नाही. तेवढी ताकद तिच्यात नव्हती. पाटीलच म्हणाला, "कसलं हत्यार, दाजिबा? तू पूजा मांडलीस, त्यात का नाही ठेवलंस ते?"

"कारण ते…" दाजिबा म्हणाला आणि थांबला.

"बोल की. शंभरदा सांगणार होतास."

पडवीत कोंडाजी एवढ्या मोठ्यानं हसला की लुळ्या बाजूनंही हसल्यासारखं वाटलं. "मिस्त्री, मुसळाला कसली नवमी? मुसळ आजही कांडतंय, उद्याही कांडेल."

दाजिबानं मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेनं तो भला माणूस झाला, असं म्हणतात. पुढं त्याच्या घरीही मोगऱ्या झाल्या.

भिवरानं पहिला दाता भोकावर ठेवला. कोंडाजीनं डाव्या हातानं तो धरला. एक ठोका, दाता बसला. दुसरा दाता, दुसरा ठोका. तिसऱ्या दात्याच्या वेळी मोगरी वर जाईना. खांद्यापर्यंत आली आणि तिथंच राहिली. सगळं गाव बघत होतं. तिचे डोळे मिटले होते.

इथं दोन मतं आहेत. काही म्हणतात, मोगरी आपणहून वर गेली आणि आपणहून खाली आली, भिवरा नुसती तिला धरून होती. काही म्हणतात, कोंडाजीचा लुळा उजवा हात त्या एका घटकेपुरता उठला, मोगरीला लागला आणि पुन्हा पडला तो कायमचा. मला विचाराल तर, पार दमलेल्या माणसाला शेवटचा एक ठोका कुठून मिळतो, ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. पण ठोका पडला. दाता बसला. एकवीस झाल्या.

पाटलानं पागोटं काढून काखेत धरलं. म्हणाला, "भिवराबाई, घर तुमचं. सुतारकी तुमची. आणखी काय मागायचं ते माग. लुगडं माग, जमीन माग, गाव नाही म्हणणार नाही."

भिवरा म्हणाली, "मला निजू द्या."

आणि तिथंच, फुलांत मांडलेल्या हत्यारांशेजारी, डोक्याखाली मोगरी घेऊन ती आडवी झाली.

ती नवमीचा सबंध दिवस निजली. दसरा उजाडला तरी निजलेलीच होती. हलगीवाला हलगी तापवून निघाला, तर पाटील अनवाणी पळत त्याच्याकडं गेला आणि हलगीवर त्यानं आपला पंजा ठेवला. देवळातल्या घंटेला कुणीतरी फडकं बांधलं. बायकांनी जाती उचलून ठेवली. रहाटाला तेल घातलं. ज्यांनी आठ दिवस तिला एक घागर आणून दिली नव्हती, त्याच बायका आज ओलं पोतेरं घेऊन तिच्या अंगणातली धूळ बसवत होत्या. तिफणी न्यायच्या होत्या. कुणी त्या ओढल्या नाहीत. चौघाचौघांनी खांद्यावर घेतल्या आणि चवड्यांवर चालत शेतात नेल्या. आपट्याची पानं एकमेकांच्या हातात ठेवून लोक 'सोनं घ्या' असं नुसत्या ओठांनी म्हणाले. गावचे कुत्रेसुद्धा भुंकले नाहीत, असं म्हणतात, आणि याला मात्र मी चिमूट म्हणणार नाही. कुत्र्यांना कळतं.

दिवस कलताना ती जागी झाली. समोर पाटीत एक भाकरी होती, एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली, मधे करपलेली.

"भाकरी कुणी थापली?" तिनं विचारलं.

"मी," कोंडाजी म्हणाला. "एका हाताची आहे. अर्धी बरी आहे."

तिनं तिच्यावर उपास सोडला. पाणी प्याली. मग म्हणाली, "बरी झालीय," आणि कूस बदलून पुन्हा निजली. तेव्हा कुठं हलगी वाजली, तीही लांब, वेशीबाहेर.

पुढं ती पुष्कळ वर्षं जगली. कोंडाजी गेला, तरी ती गावाच्या तिफणी ठोकत राहिली, आणि तिच्या हाताखाली सुतारकी शिकून गेलेल्या माणसांची नावं सांगायला बसलो तर माझे बैल उपाशी मरतील. चिंचेचं डोकं आणि वरून घातलेला दांडा असलेल्या मोगरीला त्या मुलखातले सुतार अजून 'भिवरी' म्हणतात. ती मूळची मोगरी कुरणवाडीच्या देवळात आहे. खंडेनवमीला गावातली सगळी हत्यारं पुजतात, पण तिच्यावर फूल घालत नाहीत, कुंकू लावत नाहीत. दुपट्याची घडी करतात, तिच्यावर तिला आडवी ठेवतात आणि वर पांघरूण घालतात.

आणि दसऱ्याला त्या गावात वाजतगाजत काही होत नाही. त्या दिवशी चुलीपुढं पुरुष बसतात. जात्याला, मुसळाला, दाराच्या कडीला कुणी हात लावत नाही. गावातली वयानं सगळ्यांत मोठी बाई असेल तिला त्या सकाळी कुणी उठवत नाही. ती निजेल तितका वेळ गाव थांबतं. तिनं आपल्या आपण उठून "भाकरी कुणी थापली?" असं विचारलं, की मग वेशीबाहेर हलगीवर पहिली टिपरी पडते आणि मग सोनं वाटतात.

मी एका दसऱ्याला तिथं पोचलो. वेशीवरच एका माणसानं हातानं खूण केली आणि माझ्या बैलांच्या घुंगरांत गवत कोंबलं. गाव आपट्याची पानं हातात धरून दारोदार उभं होतं. त्या वर्षीची म्हातारी सगुणाबाई म्हणून होती, नव्वदीच्या पुढची, सात लेकरं वाढवलेली. सकाळ गेली. दुपार गेली. भाकऱ्या गार झाल्या. सूर्य मावळला तरी ती उठली नाही, आणि पानं हातात सुकली तरी तिच्या दारातलं एक माणूस हललं नाही, की कुणी कडी वाजवली नाही. म्हातारीनं भाकरीचं विचारलं ते दुसऱ्या दिवशी, आणि सोनं त्या वर्षी एकादशीला वाटलं.